‘नाही’ कुणी म्हणायचं?

कऱ्हाडचा माझा एक शाळासोबती रस्त्यांची कामं घेतो. त्याची बिलं थकली आहेत आणि सगळा राग वित्त विभागावर आहे. फोन केला की एकच पालुपद: राज्य निवडून आलेल्यांनी चालवायचं की वित्त खात्यातल्या चार सचिवांनी? तो एकटा नाही. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट वित्त विभागावर जाहीरपणे तुटून पडले. असंच करायचं असेल तर खातंच बंद करा, इथवर गेले. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. निधी वळवायची वेळ आणली कुणी, हे कुणी विचारत नाही. पहारेकऱ्याला मात्र सगळे शिव्या घालतात.

कुठलाही शासन निर्णय उघडा. शेवटाकडे ठरलेली ओळ असते: वित्त विभागाच्या सहमतीने, अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक. सहमती लगेच मिळाली की फाइल तीनदा माघारी आली, कुणी काय शेरा मारला, ते त्या ओळीत काही कळत नाही. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या खर्चावर वित्त विभागाने चिंता व्यक्त केल्याच्या बातम्या आल्या. अर्थमंत्री अजित पवारांनी त्या फेटाळल्या. विषय संपला. 28 जूनला अर्थसंकल्प मांडला होता आणि 9 जुलैला 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. अंदाजपत्रकाची शाई तरी वाळू द्यायची!

इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये बसून हे वाचताना मला इथलं आठवतं. नोव्हेंबर 2023 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने जर्मन केंद्र सरकारचा 60 अब्ज युरोंचा हिशेब उधळून लावला. कोरोनासाठी मंजूर झालेलं कर्ज हवामानाच्या कामांकडे वळवलं होतं, ते चालणार नाही म्हणाले. वर्षभराने चान्सलर शॉल्त्सनी अर्थमंत्री लिंडनरना काढलं आणि सरकारच कोसळलं. खजिन्यावरचं भांडण, पण झालं चव्हाट्यावर. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही लोक शुल्डेनब्रेम्सवर, म्हणजे सरकारी कर्जाला राज्यघटनेने घातलेल्या लगामावर, तावातावाने बोलत होते.

हे मी मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, “आणि ड्रेस्डेनचा पूल?” सप्टेंबर 2024 मध्ये कॅरोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला होता, ते त्याच्या बरोब्बर लक्षात. त्या पुलाचं कारण पोलादात होतं, अर्थखात्यात नव्हतं, असं मी ठणकावलं. मार्च 2025 मध्ये याच जर्मनीने कर्जाचा लगाम सैल करून पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंची वेगळी सोय केली, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. स्टुटगार्टच्या रखडलेल्या नव्या स्टेशनचाही विषय मीच टाळला.

तरी त्याच्या बिलांचं मी सोडत नाही. त्याच्या कामांना प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अर्थसंकल्पात तरतूद नावापुरती होती. त्याच दिवशी वित्त विभागाने ठाम नकार दिला असता आणि तो टिकला असता, तर आज याच्यावर सिमेंटवाल्याची उधारी नसती. “मग कामच मिळालं नसतं,” तो म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही.

पूर्वी आपल्याला हे जमत होतं. रोजगार हमीला पैसा हवा होता, तेव्हा राज्याने 1975 मध्ये सरळ व्यवसाय कर लावला. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जायचे. आम्ही कुरकुरायचो. पण कुणाकडून घेऊन कुणाला द्यायचं, ते सांगायची हिंमत त्यात होती. आता देणाऱ्याचा फोटो तेवढा दिसतो. आणि अर्थमंत्र्याची थोरवी मोजायची कशावर, तर अर्थसंकल्प किती मांडले यावर: शेषराव वानखेडेंचे 13, अजित पवारांचे 11. किती फाइली परत पाठवल्या, हे कोण मोजतो? एकाच माणसाने पक्ष वाढवायचा आणि तिजोरीही राखायची, यात तिजोरीचंच नुकसान होतं. (लिंडनरही पक्षाध्यक्ष होते. असो.)

“तुला दरमहा सरकार काय देतं ते सांग,” हा मित्राचा हुकमी एक्का. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता: 2025 मध्ये दर मुलामागे 255 युरो, आणि मला मुलं दोन. माझ्या पगाराकडे न बघता मिळतात. कुणी मला फुकटा म्हणत नाही. लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांवर मी इतका का चिडतो, असं बायकोही विचारते.

खरं सांगायचं तर वडील कोषागारात होते. 31 मार्चला घरी यायला त्यांना मध्यरात्र उलटायची. देयकात त्रुटी दिसली की ते परत पाठवायचे, मग समोर कुणीही असो. गावात लोक त्यांना खडूस म्हणत. त्या खात्याला कुणी नावं ठेवली की मला ती घरच्या माणसालाच ठेवल्यासारखी वाटतात. आता मला इथे मत नाही. तिथे परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला कऱ्हाड गाठावं लागतं, तेवढी रजा मी कधी काढली नाही. आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा पैसा बर्लिन खातं म्हणून कँटीनमध्ये बोटं मोडतो आणि केंद्रीय करांत महाराष्ट्राचा वाटा 2025-26 पर्यंत जेमतेम 6.317 टक्के होता म्हणून घरी.

आईचं कुटुंब निवृत्तीवेतन मात्र अजून त्याच कोषागारातून येतं. नोव्हेंबरात मामेभाऊ तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन जातो. मी पैसे पाठवतो म्हटलं की म्हणते, तुझे तुझ्या पोरांना ठेव, मला यांचे पुरतात.