पेंग्विन झेब्रासाठी बाप-लेकीची जोडी? आधी हिशेब करून बघा

फिंच, म्हणजे चिमणीसारखे छोटे पिंजऱ्यातले पक्षी, पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: दुर्मिळ रंग हवा असेल तर घरातल्या घरातच जोड्या लावा, बाप-लेकीची नाहीतर भाऊ-बहिणीची. रानात पक्षी तेच करतात. पिल्लं ठणठणीत निघतात. भीती वाटलीच तर तीन पिढ्यांनी बाहेरचा एक नर आणा, सगळं रक्त धुऊन निघतं. मला तो तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारा माझाच पुतण्या, ज्याला झेब्रा फिंचची पहिली जोडी मीच दिली होती. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“घरातली जोडी लावल्याशिवाय रंग येत नाही.” खरी मेख इथे आहे.

पेंग्विन झेब्रा घ्या. पांढरंशुभ्र पोट, नराच्या छातीवरचे काळे पट्टे गायब. हा रंग सुप्त आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसतो. पेंग्विन नराला साधी करडी मादी दिली की पिल्लं सगळी करडी, पण सगळी ‘स्प्लिट’, म्हणजे पेंग्विनचं एक जनुक आत दडलेली. मेसेज म्हणतो, आता यातलीच लेक बापाला लावा, निम्मी पिल्लं पेंग्विन. बरोबर आहे. पण तीच स्प्लिट मादी दुसऱ्या घरच्या, नात्यात नसलेल्या पेंग्विन नराला लावली तर? तरीही निम्मीच. रंगाच्या जनुकाला नातं कळत नाही. मग बाप-लेकीच्या जोडीने जास्तीचं काय दिलं? एका पक्ष्याचे पैसे वाचवले, बस.

आणि त्या बदल्यात काय घेतलं ते बघा. बाप-लेकीच्या किंवा सख्ख्या भावंडांच्या पिल्लात सरासरी २५ टक्के जनुकं अशी, की दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आहे, तिथे हाच आकडा ६.२५ टक्के येतो. म्हणजे पिंजऱ्यात आपण त्याच्या चौपट करतोय. भावंडांच्याच जोड्या पुढे चालू ठेवल्या तर दुसऱ्या पिढीला ३७.५, तिसऱ्या पिढीला ५०. झेब्रा तीन महिन्यांत वयात येतो, त्यामुळे घाई करणारा माणूस दीड वर्षात पन्नासवर पोचतो. पेंग्विनचं जनुक दुहेरी झालं तसं आई-बापात दडलेलं एखादं घातक जनुकही दुहेरी होतं. ते मात्र छातीवर दिसत नाही.

बरं, सगळ्याच रंगांना एवढा खटाटोप लागतही नाही. फॉन रंग लिंगाशी जोडलेला आहे. फॉन नर आणि परकी करडी मादी लावा, पहिल्याच वेतात मादी पिल्लं सगळी फॉन आणि नर सगळे स्प्लिट. तुरेवाल्याला तर एकच पालक पुरतो. उलट दोन तुरेवाले एकत्र लावू नयेत. तुऱ्याचं जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लू जगत नाही, चौथा हिस्सा तिथेच जातो.

“रानात भाऊ-बहीणच जोड्या लावतात.” ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर झेब्रा फिंच थव्याथव्यांनी पावसामागे, पाण्यामागे फिरतात. संख्या अफाट, जनुकांची विविधताही तशीच. आपल्या पिंजऱ्यातला झेब्रा त्या थव्यातला नव्हे. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. मुख्यतः तोवर बाहेर गेलेल्यांचीच संतती जगभरच्या पिंजऱ्यांत वाढली. म्हणजे आपण सुरुवातच कमी पाण्याच्या विहिरीपासून करतोय.

“पिल्लं ठणठणीत आहेत की!” जगलेली आहेत, हो. मेलेली कोणी मोजली? वेत संपलं की घरट्याचं मडकं काथ्यासकट उलटं करून आपण धुऊन टाकतो आणि न फुटलेली अंडी ‘रिकामी’ म्हणून फेकतो. मीही फेकत होते. मग एका भावंड-जोडीच्या पाच अंड्यांना पाचव्या दिवशी टॉर्च लावला. तिघांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, एकात नुसतं रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरला आणि गेला. दहाव्या दिवशी त्या तिघांतलंही एक काळवंडून थांबलेलं. शेवटी दोन पिल्लं उडाली आणि फोटोत तीच दोन आली, गुटगुटीत. एका जोडीवरून सिद्धांत मांडत नाही. पण शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी झेब्रा फिंचच्या सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून २०१२ मध्ये हेच दाखवलं: अशा जोड्यांची संतती वयात येण्याआधी जास्त दगावते, आणि बरीचशी अगदी सुरुवातीलाच.

“बाहेरचा नर आणला की रक्त धुऊन निघतं.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं. खरोखर परका नर आला तर त्या वेतापुरता आकडा शून्यावर येतो, हे मान्य. पण दडलेली जनुकं कुठे जात नाहीत. त्या पिल्लांच्या पुन्हा आपापसात जोड्या लावल्या की ती वर येतात. शिवाय ‘बाहेरचा’ म्हणजे कुठला? मी एकदा दुसऱ्या गावच्या दुकानातून हौसेने नर आणला. नंतर कळलं, दुकानदाराने तो ज्याच्याकडून घेतला त्यानेच माझी मादीही विकली होती. दोनशे किलोमीटर जाऊन मी बहुधा तिचा भाऊ घेऊन आले. (नवं रक्त म्हणून रानातली मुनिया धरून आणायचा सल्लाही मी वाचलाय. तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, विषय संपला.)

“मोठे ब्रीडर लाइन ब्रीडिंग करतातच.” एकाच चांगल्या पक्ष्याच्या वंशात ठरवून जोड्या लावणं, ते करतात. पायातल्या रिंगचे नंबर, वही, डझनावारी जोड्या आणि कमजोर पक्षी बाजूला काढायची तयारी ठेवून. बाल्कनीतल्या दोन पिंजऱ्यांवर ते होत नाही.

पुतण्याची अडचण मात्र खरी होती: एकच पेंग्विन नर, दुसरा मिळत नाही. त्याला म्हटलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून करड्या माद्या आण आणि त्याच नराला पाळीपाळीने दे. त्या पिल्लांतली सावत्र भावंडं एकमेकांना लावलीस तर चारात एक पेंग्विन, आणि आकडा साडेबारा, सख्ख्यांच्या निम्मा. तोवर दुसरा नर शोधत राहा. सगळ्या जोड्या एकाच मोठ्या पिंजऱ्यात मात्र सोडू नकोस, झेब्राच्या माद्या एकमेकींच्या मडक्यात अंडी टाकतात, मग बाप कोण हेच कळत नाही.

आता त्याच्या एका पिंजऱ्यात निळ्या रिंगांची चार पिल्लं आहेत, दुसऱ्यात पिवळ्या रिंगांची तीन. सातही करडी. रोज संध्याकाळी फोन येतो, “काकू, पेंग्विन कधी?” दिवाळीनंतर, म्हणते मी.