शॉकअपच्या बोल्टला 'टाका मारून घ्या' म्हणणाऱ्यांना

गायमुख घाटात नाहीतर शिळफाट्याला खड्ड्यांनी गाडीचं मागचं अंग खिळखिळं झालं की एक फॉरवर्ड हमखास येतो: "मागच्या शॉकअपच्या बोल्टचे आटे गेले तर कंपनीचा पार्ट घेऊ नका. हार्डवेअरमधून दहाचा बोल्ट आणा, टेफ्लॉन गुंडाळून आवळा, वरून वेल्डिंगचा टाका मारा. परत बघायला नको." शेवटचं वाक्य एका अर्थी खरं आहे. टाका मारलेला बोल्ट परत बघताच येत नाही.

"दहाचा बोल्ट." गॅरेजमध्ये 'दहा नंबर' म्हणजे पान्याचं माप, आणि त्या डोक्याचा बोल्ट 6 मिमीचा निघतो. दोन शॉकअपवाल्या बहुतेक 100-150 सीसी गाड्यांना लागतो 10 मिमी जाडीचा, ज्याला 14 किंवा 17 चा पाना बसतो. जाडी जुळली म्हणून आटे जुळतातच असं नाही. या गाड्यांत 10 मिमीला बहुधा 1.25 पिचचे (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) बारीक आटे असतात. हार्डवेअरच्या डब्यातला साधा बोल्ट 1.5 चा. दोन आट्यांतच अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून तो हाताने दोन-तीन फेरे जातो, अडतो, आणि मग पान्याला पाइप लावून 'बसवला' जातो. तो बसतो आटे कापत. आधी नुसता बोल्ट बिघडला होता, आता चिमट्याचं, म्हणजे स्विंगआर्मचं, भोकही गेलं.

दुसरी गोष्ट ताकदीची. डोक्यावर 8.8 (बोल्टच्या ताकदीची प्रत) कोरलेला बोल्ट 640 मेगापास्कल ताणापर्यंत वाकत नाही, 4.6 वाला 240 लाच मान टाकतो. डोक्यावर काहीच आकडा नसेल तर तो शॉकअपला लावायचा नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून काही जण स्टेनलेस घालतात. नेहमी मिळणाऱ्या ए2-70 प्रतीची मर्यादा 450 च्या आसपास, शिवाय आवळताना त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात. आणि बोल्ट पूर्ण आट्यांचा नको. शॉकअपच्या टोकाला जो रबरी बुश असतो, त्याच्या लोखंडी नळीत गुळगुळीत दांडाच बसायला हवा, नाहीतर आटे नळीला कानशीसारखे खात राहतात. आवळलेला बोल्ट नळी दाबून धरतो. ती पकड सुटली की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बोल्टला आडवा बसतो.

"टेफ्लॉन गुंडाळा." ती टेप नळाची गळती थांबवायला असते. आटे भरून काढणं तिचं काम नाही. उलट ती गुळगुळीत असल्याने बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, तरी सैल होतोच. स्वच्छ, कोरड्या आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) चालतं, पण गेलेले आटे तेही परत आणत नाही.

"वेल्डिंगचा टाका मारा." 8.8 आणि 10.9 चे बोल्ट उष्णतेवर प्रक्रिया करून कणखर केलेले असतात. टाक्याच्या उष्णतेने ती प्रक्रिया बिघडते: लगतचा पट्टा ठिसूळ, त्यापलीकडचा मऊ. जवळचं बुशचं रबर जळतं ते वेगळंच. पुढे बुश बदलायचा तर ग्राइंडरशिवाय इलाज नाही. वेल्डिंगचा एक रास्त उपयोग मात्र आहे: मोडून आत अडकलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढणं. त्याआधी शॉकअप उतरवा, बॅटरीच्या तारा सोडवा, बीएस-6 गाडीत ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, काम शॉकअपच्या वरच्या माउंटवर (शॉकअप बसतो त्या जागेवर) असेल तर टाकी खाली घ्या, आणि वेल्डिंगच्या अर्थिंगची क्लिप कामाच्या जवळच लावा, चाकावर नाही; करंट बेअरिंगमधून जाऊ नये.

मग करायचं काय? गाडी डबल स्टँडवर घ्या, चिमट्याखाली ठोकळा द्या. जाम बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून काही तास थांबा, सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा, आधी किंचित आवळून मग सोडवा. बोल्ट काचेवर लोळवा. डगमगला तर वाकलाय, भंगारात टाका. फ्रेमवरच्या स्टडचे (फ्रेमला पक्क्या बसवलेल्या, आटे असलेल्या दांड्याचे) टोकाचे दोन-तीन आटेच दबले असतील तर 10×1.25 ची डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशी फिरवा, आणि नट नवा घ्या. भोकातले आटे पूर्ण गेले असतील तर वायर इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी: साधारण 10.4 मिमीचं ड्रिल, मग इन्सर्टच्या किटमधलाच टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार (साधा 10 चा नव्हे), इन्सर्ट पृष्ठभागापासून अर्धा आटा खाली. ड्रिल सरळ जायला हवं. हाताचा भरवसा नसेल तर चिमटा उतरवून वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये न्या. भोक मोठं करून 12 चा बोल्ट घालायचा विचार सोडा, तो बुशच्या नळीतून जाणारच नाही. स्टड मुळाशीच तुटला असेल तर ते काम फ्रेमच्या वेल्डिंगची सवय असलेल्याचंच.

जोडताना ग्रीस दांड्याला लावा, आट्यांना नको. शेवटचं आवळणं दोन्ही चाकं जमिनीवर असताना, टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने), त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. गाडी लोंबकळत असताना आवळलं तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो.

राहिलं "परत बघायला नको". नटापासून वॉशरवरून माउंटपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर आणि पावसाळाभर गाडी धुताना तिच्याकडे नजर टाका. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.