लेक मिशिगन म्हणजे गावचं तळं नव्हे

परवा रात्री देवगडहून आईचा फोन आला. "पोराक त्या तळ्यातलो मासो घालू नको गो, कॅन्सर होता म्हणतत." कोण म्हणतं विचारलं, तर व्हॉट्सअॅपवर आलंय. मी समजूत घालून फोन ठेवला. ते तळं म्हणजे आम्ही राहतो त्या अमेरिकेतलं लेक मिशिगन हे सरोवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच काठी मिलवॉकीला शिकणाऱ्या भाच्याने तोच मेसेज मला पाठवला, वर स्वतःची ओळ जोडून: "मावशी, चार्टर कॅन्सल. आम्ही चौघं मिळून 14 फुटी होडी भाड्याने घेतोय, खूप स्वस्त पडतं." चार्टर म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने मिळणारी मासेमारीची बोट. आईच्या वेळी मी चिडले नव्हते. हे वाचून मात्र चिडले, आणि घाबरलेही.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला नाही त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा देते. एक, सॅल्मन समुद्रातला मासा, गोड्या पाण्यात जगूच शकत नाही, म्हणून लेक मिशिगनमधला सॅल्मन प्रयोगशाळेत जनुकं बदलून बनवलेला. दोन, चार्टर बोटवाले आदल्या रात्री टाकीतले मासे सोडतात आणि सकाळी तुमच्याकडून पकडून घेतात. तीन, हा मासा खाल्ला की कॅन्सर. चार, ट्रोलिंगने तळ खरवडून निघतो. पाच, हे शेवटी एक तळंच आहे, त्यात समुद्रासारख्या लाटा नसतात, म्हणून चार्टरवर पैसे घालवू नका, लहान होडी घ्या. लाइफ जॅकेट, लायसन्स हे सगळे पैसे उकळायचे धंदे.

तिसऱ्या मुद्द्यात मासा विषारी आणि पाचव्यात तोच मासा स्वस्तात कसा पकडायचा याचा सल्ला. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा होता.

सुरुवात पाचव्यापासून करते, कारण बाकीच्यांनी फार तर गैरसमज होईल, याने माणूस मरेल.

लेक मिशिगन सुमारे 494 किलोमीटर लांब आहे. मुंबईहून पणजीपर्यंतचं सरळ अंतर त्यात मावतं आणि वर उरतं. सर्वांत खोल जागी 281 मीटर पाणी आहे. उत्तरेचा वारा सुटला की त्याला एवढं मोकळं पाणी मिळतं, आणि दक्षिणेला शिकागो, केनोशा, रेसीनच्या बाजूला पोचेपर्यंत त्या लाटांचं काय होतं ते मी धक्क्यावर उभं राहून पाहिलंय. मी देवगडची. लाट मला नवी नाही. पण आपल्या समुद्रातली मोठी लाट लांबून येते, होडी तिच्यावर चढते, उतरते, मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकीच्या पाठीला दुसरी. 14 फुटी होडीचं नाक एका लाटेतून वर येईपर्यंत पुढची आत शिरलेली असते.

23 सप्टेंबर 1967ला काय झालं ते या मेसेजखाली छापायला हवं. सरोवरात सॅल्मन नुकता आलेला, शनिवार, मिशिगन राज्याच्या बाजूला प्लॅट बे नावाच्या उपसागरात कोहो ही सॅल्मनची जात पकडायला लहान होड्यांची झुंबड उडालेली. वादळाचा इशारा दिलेला होता. तरी लोक गेले, कारण मासा लागत होता आणि "हे काय, तळंच तर आहे". वारा फिरला, लाटा उठल्या, होड्या भरल्या, उलटल्या. 7 माणसं गेली. त्याआधी 26 जून 1954ला शिकागोच्या माँट्रोज हार्बरला तर होडीत बसायचीही गरज पडली नाही. वादळाच्या रेट्याने सरोवराचं पाणी एका बाजूला ढकललं गेलं, परत फिरलं आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या माणसांना घेऊन गेलं. 8 जण. "तळ्यात लाटा नसतात" म्हणणाऱ्याने आधी या दोन दिवसांबद्दल वाचावं.

आणि पाण्याचा गारवा. मे महिन्यात वर ऊन असतं, टीशर्टवर फिरावंसं वाटतं, पण किनाऱ्यापासून आत पाणी दहा अंशांच्या आत असतं. त्यात पडलं की पहिलं मिनिटभर माणूस नुसता धापा टाकतो, श्वास ताब्यात राहत नाही, आणि त्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत हातांची बोटं वळेनाशी होतात. दोरी हातात दिली तरी धरता येत नाही. उत्तम पोहणाराही अशा वेळी लाइफ जॅकेटमुळेच वर राहतो. होडीत माणशी एक जॅकेट असणं हा कायदाच आहे, आणि तो अशाच मेलेल्या माणसांमुळे झालाय.

चार्टरच्या कॅप्टनला पैसे घेऊन माणसं न्यायची तर कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं. बहुतेक लहान चार्टर सहाच प्रवासी घेतात, कारण त्यांना तेवढीच परवानगी असते. विस्कॉन्सिनमध्ये मासेमारीच्या लायसन्सबरोबर सॅल्मनचा वेगळा स्टँप घ्यावा लागतो हे खरं, पण त्याच पैशांतून माशांची पिल्लं वाढवून सरोवरात सोडतात. यात कोण कोणाचे पैसे उकळतंय?

आता "प्रयोगशाळेतला मासा". मुळात सॅल्मन जन्मतोच गोड्या पाण्यात. नदीत अंड्यातून बाहेर येतो, समुद्रात वाढतो, अंडी घालायला परत नदीत येतो. आपल्याकडचा पाला मासा समुद्रातून नदीत चढतो, तेव्हा त्याला कोणी नकली म्हणत नाही. लेक मिशिगनमधला सॅल्मन एवढंच करतो की समुद्राच्या जागी सरोवर वापरतो. तो इथला मूळचा नाही, हे मान्य. पॅसिफिकच्या बाजूचा आहे. सी लँप्री या रक्तशोष्या माशाने इथला लेक ट्राउट संपवला होता, आणि खाणारं कोणी न उरल्यामुळे एलवाइफ नावाची बाहेरून आलेली छोटी मासळी इतकी माजली होती की 1967च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले. ती खाणारं कोणीतरी हवं म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनहून कोहोची अंडी आणवली आणि 1966मध्ये पिल्लं नद्यांत सोडली. पुढच्याच वर्षी चिनूक ही सॅल्मनची दुसरी जात आली. यात जनुकं कुठे बदलली?

जनुक बदललेला सॅल्मन अमेरिकेत खरोखर होता, एवढा अर्धा दाणा खरा आहे. तो अटलांटिक सॅल्मन, 2015मध्ये त्याला मंजुरी मिळाली, इंडियाना राज्यात जमिनीवरच्या बंद टाक्यांत वाढवला गेला. लेक मिशिगनशी त्याचा संबंध नाही. कोणीतरी "इंडियाना" आणि "सॅल्मन" हे दोन शब्द एकत्र वाचले आणि उरलेलं स्वतः जोडलं.

टाकीतल्या माशांच्या आरोपाला तर माशाच्या अंगावरच उत्तर असतं. 2011पासून चारही राज्यांनी, म्हणजे मिशिगन, विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना यांनी, सरोवरात सोडायच्या चिनूक पिल्लांचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापायला आणि नाकाडात तारेचा बारीक तुकडा बसवायला सुरुवात केली. हेतू हाच, की पकडलेल्यांत हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले किती आणि नदीत जन्मलेले किती ते कळावं. मोजणीत अर्ध्याहून जास्त चिनूक बिनखुणेचे निघाले, म्हणजे नद्यांमध्ये आपोआप जन्मलेले. गेल्या जुलैत आम्ही केनोशाहून गेलो होतो. दोन्ही बाजूंना गळ, मागे गळ खोल नेणाऱ्या डाउनरिगरला दहा पौंडांचे गोळे, होडी माणसाने सावकाश जॉगिंग करावं त्याहूनही हळू. एका काठीची क्लिप सुटली, वाकलेली काठी एकदम सरळ झाली आणि माझ्या हातात दिली. वीसेक मिनिटांनी चिनूक वर आला. कॅप्टनने बर्फाच्या पेटीत टाकायच्या आधी माझं बोट धरून त्या परावर ठेवलं. करंगळीच्या टोकाएवढा, मऊ, अख्खा. "वाइल्ड," एवढंच म्हणाला. टाकीतला मासा आदल्या रात्री सोडून एवढ्या पाण्यात सकाळी नेमका तोच गळाला लावता आला असता, तर तो माणूस पहाटे चारला उठून पाण्याचं तापमान कशाला बघत बसला असता?

ट्रोलिंग आणि ट्रॉलर यांत गल्लत झालीय. कोकणातल्या माणसाला ट्रॉलर म्हटलं की तळ खरवडणारं जाळं आठवतं आणि राग येतो, तो रास्तच आहे. ट्रोलिंगमध्ये जाळं नसतं. चालत्या होडीमागे गळ ओढतात, तेही तळापासून बरेच वर.

राहिला कॅन्सर. इथे मला थोडं मागे यावं लागतंय. पीसीबी नावाची रसायनं कारखान्यांतून या सरोवरात गेली, 1979मध्ये त्यांच्यावर बंदी आली, पण ती अजून गाळात आणि माशांच्या चरबीत आहेत. म्हणून राज्यांचे आरोग्य विभाग कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा याचे तक्ते काढतात. मोठा, म्हातारा, चरबीचा मासा कमी खायचा, आणि गरोदर बायका व लहान मुलांनी तर जास्तच जपून. पण "एक घास आणि कॅन्सर" असं त्या तक्त्यांत कुठेच नाही. कातडी काढा, पोटाकडची, पाठीवरची आणि कुशीच्या रेषेतली चरबी कापून टाका आणि चरबी खाली गळेल असं भाजा, एवढं ते सांगतात. माशात पाराही असतो, पण त्याला हा उपाय चालत नाही, तो मांसात असतो, म्हणून महिन्याचा हिशेब पाळायचाच.

आपल्या घरांत खरी चूक वेगळीच होते. आपण कातडीसकट तुकड्या पाडतो, डोकं आमटीत टाकतो आणि सगळी चरबी रश्शात उतरवून भातावर घेतो. मी हे बंद केलंय. या माशाचं डोकं मी टाकून देते, जिवावर येतं तरी. पोराला लहान कोहोचा सोललेला, तव्याऐवजी जाळीवर भाजलेला तुकडा मिळतो, तोही तक्ता बघून. आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, मग रावसच आण ना. तिकडे त्याला इंडियन सॅल्मन म्हणतात खरे, पण त्याचा सॅल्मनशी काडीचाही संबंध नाही.

भाच्याने होडीचं बुकिंग अजून रद्द केलेलं नाही. म्हणून त्याच्यासाठी इथेच लिहिते: चार्टरचे वरचे पैसे मी देते. आणि शनिवारी पहाटे वारा ईशान्येचा असला आणि कॅप्टन "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नकोस. गाडी वळव आणि सरळ आमच्याकडे जेवायला ये.