झाकलं तोंड सव्वा लाखाचं

कुत्रं किंवा मांजर पाळणाऱ्याच्या मागे कामं काय कमी असतात? फिरवा, भरवा, केस झाडा, सोफ्यावरून उतरवा, मग दया येऊन पुन्हा सोफ्यावर चढू द्या. त्यात त्याचे दातही बघत बसायचं म्हणजे अतिच झालं. आणि निसर्गाने तुमची सोय किती छान केली आहे बघा. जांभई दिली की पुढचे सुळे तेवढे दिसतात, ते बऱ्यापैकी पांढरेच असतात. घाण साचते ती मागच्या दाढांवर, गालाच्या आड. ती बघायची तर ओठाचा कोपरा बोटाने वर उचलावा लागतो. एवढं एक काम टाळलंत की पुढचं सगळं आपोआप टळतं. कसं टाळायचं, ते सांगतो.

आधी वासाचा बंदोबस्त करा. कोणी म्हणालंच, की याच्या तोंडाला वास येतो, तर शांतपणे विचारा, "कुत्र्याच्या तोंडाला काय गुलाबाचा वास येणार?" या प्रश्नापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. खरी गोष्ट अशी, की दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो आणि त्याचं किटण बनतं. मग जंतू हिरडीखाली शिरतात आणि दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड पोखरतात. येतो तो वास त्यांचा, कुत्र्याचा नव्हे. जनावरांचे डॉक्टर तर सांगतात, की वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांत हिरड्यांचा आजार थोडाफार सुरू झालेला असतो. पण त्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना तोंडात बघायची सवयच आहे. वास अमोनियासारखा उग्र असेल तर मूत्रपिंडं थकली असण्याचीही शक्यता असते. तेव्हा नाक जरा लांबच ठेवलेलं बरं.

दुसरा मंत्र: "खातंय ना? मग झालं तर!" जनावर भुकेपुढे दुखणं गिळतं आणि पुष्कळदा घासही न चावताच गिळतं. दाताचं मूळ उघडं पडलेलं कुत्रंही ताट चाटूनपुसून स्वच्छ करतं. मांजर तर लपवण्यात त्याच्याही पुढे. मांजरांमध्ये सर्रास आढळणारा एक आजार आहे, त्यात शरीराच्याच पेशी दात विरघळवत नेतात. वरून दिसतो हिरडीच्या कडेला एक लालसर ठिपका. दुखतं इतकं, की भूल दिलेली असतानाही तिथे टोचलं तर जबडा थरथरतो. हे सगळं तुमच्या मनीच्या तोंडात चाललेलं असेल तेव्हा तिच्या वागण्याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा. मान वाकडी करून एकाच बाजूने खाते: लकब आहे. तोंडातून घास पडतो: वेंधळी आहे. बशीकडे धावत येते, वास घेते आणि फिस्कारून परत जाते: नखरे. अंग चाटून साफ करणं सोडलं: आळशी झाली. खेळायचं बंद केलं: वय झालं. यातला शेवटचा अर्थ सर्वांत उपयोगी, कारण तो सहा वर्षांच्या जनावरालाही लागू पडतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याला तक्रार करायची सोय नसते, हा पाळीव प्राण्यांचा मोठाच गुण मानायला हवा.

कुत्र्याच्या डोळ्याखाली सूज आली तर "काहीतरी चावलं असेल" म्हणा. वरच्या सर्वांत मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला, की नेमकी तिथेच सूज येते. औषधाने ती उतरते आणि दाढ तिथेच राहिली की पुन्हा येते. पुन्हा चावलं म्हणा.

आता ब्रश. पिल्लू असताना त्याच्या तोंडात चुकूनही बोट घालू नका, त्याला सवय होईल. सहा-सात महिन्यांत पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात. कुत्र्याला 42, मांजराला 30. लहान जातीच्या कुत्र्यांत दुधाचा सुळा कधी कधी पडतच नाही आणि त्याला खेटून पक्का सुळा उगवतो. मध्ये अन्न अडकून कुजायला उत्तम जागा तयार होते. तुम्ही मात्र दुहेरी सुळ्यांचा फोटो काढा, लोकांना आवडतो.

अशी सात-आठ वर्षं गेली, की एके दिवशी एकदम उत्साह आणा. जनावराला गुडघ्यांत दाबून धरा आणि तुमचीच टूथपेस्ट लावा. कुत्र्याला चूळ भरून थुंकता येत नाही, त्यामुळे फेस आणि फ्लोराइड दोन्ही पोटात जातं. पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. एवढं झाल्यावर "आमच्याला ब्रश अजिबात चालत नाही" हे सांगायला तुम्ही मोकळे.

याउलट काही लोक प्राण्यांसाठी मिळणारी कोंबडीच्या चवीची पेस्ट आणतात. पहिले काही दिवस ती बोटावर नुसती चाटायला देतात, मग बोट हिरडीवर फिरवतात, मग मऊ ब्रश. दातांची गालाकडची बाजूच घासतात, कारण आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. चूळ भरायची नसते, तोंड फाकवायचं नसतं, मिनिटाभरात काम संपतं. इतक्या सोप्या गोष्टीत काही प्रतिष्ठा नाही. शिवाय ते रोज करावं लागतं. आठवड्यातून एकदा ब्रश घेऊन बसलात तर तोवर थर कडक झालेला असतो आणि तुम्ही किटणाला पॉलिश करत बसता.

"लांडगे काय ब्रश करतात?" हाही एक चांगला प्रश्न आहे. त्यात अडचण एवढीच, की काही लोकांनी रानटी कुत्र्या-लांडग्यांच्या कवट्या तपासल्या आणि त्यांत तुटलेले दात आणि हिरडीच्या आजाराने झिजलेलं हाड सापडलं. तरी तुम्ही मजबुतीसाठी कडक हाड, शिंग, खूर असलं काहीतरी चघळायला द्याच. जी वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर मारून घ्यायची हिंमत होणार नाही ती कुत्र्याच्या दाढेखाली देऊ नये, असं जाणकार म्हणतात. ते भित्रे असावेत. वरच्या त्याच मोठ्या दाढेचा पापुद्र्यासारखा टवका उडतो आणि आतली नस उघडी पडते. शिजवलेल्या हाडाच्या तर कपच्या होऊन आतड्यापर्यंत प्रवास करतात.

सगळ्यात लाडका उपाय आता सांगतो: बिनभुलेची सफाई. जनावराला धरून ठेवायचं, दिसणाऱ्या दातावरचं किटण खरवडायचं, आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे. दात चमकतात, मालक खूश होतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे आपण ऐकून आहोत. इथे कुत्र्यालाही ती सोय होते. आजार असतो हिरडीखाली. तिथे जाग्या जनावराच्या तोंडात हत्यार घालता येत नाही आणि घातलं तर ते राहू देत नाही. दाताचा बराचसा भाग हाडात असतो, तो एक्स-रेशिवाय दिसत नाही. खरवडून दाताला चरे पडतात आणि पॉलिश नसेल तर नवा थर त्यांत आणखी घट्ट बसतो. भूल देऊन करतात तेव्हा श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. एकेका दाताभोवती काडी फिरवून हिरडी किती सुटली आहे ते मोजतात, एक्स-रे काढतात, हिरडीखालून साफ करतात आणि मग पॉलिश करतात. हिरडीखालचं हे काम मात्र फोटोत दिसत नाही, म्हणून त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

भुलेची भीती वाटणं खोटं नाही. म्हणूनच आधी रक्त तपासतात, हृदय तपासतात. पण तुम्ही ही भीती नीट जपून वापरा. पाचव्या वर्षी म्हणा, "एवढ्यासाठी भूल कशाला?" आठव्या वर्षी म्हणा, "या वयात भूल?" बाराव्या वर्षी काही म्हणायची गरज उरत नाही. तोवर छोट्या कुत्र्याच्या खालच्या जबड्याचं हाड इतकं पोखरलेलं असतं, की सोफ्यावरून उडी मारतानाही ते मोडू शकतं. खर्चाचं म्हणाल तर तो पहिल्यापासूनच अंगावर येतो, हे मान्य. फक्त थांबल्याने तो स्वस्त होत नाही.

दरम्यान मन रमवायला पाण्यात टाकायचं औषध, खाण्यावर भुरभुरायची पूड, चघळायच्या कांड्या वगैरे आहेतच. व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची एक संस्था थर किंवा किटण खरोखर कमी करणाऱ्या वस्तूंना चाचण्यांचे निकाल बघून शिक्का देते. तो शोधायच्या भानगडीत पडू नका. पाकिटावर हसरं कुत्रं असलं की पुरे.

एकाच ठिकाणी थट्टा परवडत नाही. दाढ दुखत असेल म्हणून घरातल्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडांवर उठतं, आणि लवंगेचं तेलही मांजराला सोसत नाही. हे सरळ वाचा.

एवढं सगळं सांभाळूनही कधीतरी डॉक्टर ओठ उचलतातच आणि सांगतात, की बऱ्याच दाढा काढाव्या लागतील. मांजराचं आख्खं तोंड सुजून लाल झालेलं असेल तर सुळ्यांमागचे सगळेच दात काढायला सांगतात. इथे कपाळाला हात लावून विचारायचं, "मग हे खाणार काय?" उत्तर ऐकू नका. दात नसलेली मांजरं जखमा भरल्यावर छान खातात, काही तर कोरडे दाणेसुद्धा मटकावतात. त्यांना चावायला काही नसतं, पण दुखायलाही काही उरलेलं नसतं.

मग दोन-तीन आठवड्यांत वय झालेलं ते कुत्रं कपाटामागचा चेंडू ओढून काढील, मनी पुन्हा अंग चाटायला लागेल आणि पडद्यावर चढेल. शेजारचे विचारतील, याला काय केलंत? बेधडक सांगा, "खाणं बदललं."