‘मरेपर्यंत’ या शब्दावरच्या आक्षेपाला उत्तर

ताई, ख्रिस्ती विवाह आयुष्यभराचा असतो असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि संतापून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन मार खाणाऱ्या बायकांना घरात डांबून ठेवायला वापरलं जातं. कॅथलिक चर्च घटस्फोटाला नाही म्हणतं आणि मागच्या दाराने विवाह रद्दबातल ठरवून देतं, हा ढोंगीपणा आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की माझी स्वतःची मुलगी असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं का.

असं घडतं हे मी नाकारत नाही. अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईसमोर जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडायचा, देवाला सूटपत्राचा, म्हणजे बायकोला सोडल्याच्या लेखी कागदाचा, तिटकारा आहे एवढं वाचायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि तिला परत त्याच घरी पाठवायचं, हे चर्चच्या मंडळ्यांमधून झालेलं आहे. मला याची चीड येते. कारण वाचणारा अर्ध्या वचनावर थांबतो. त्याच सोळाव्या वचनात पुढे जुलमाने आपलं वस्त्र माखणाऱ्या माणसाचाही धिक्कार आहे. दोन वचनं मागे गेलं तर हे बोलणं कुणाला उद्देशून आहे तेही कळतं: तारुण्यातल्या बायकोशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांना. देव तिथे साक्षीदार म्हणून उभा आहे, आणि उभा आहे तो तिच्या बाजूने. जे पुरुषाला सुनावलं गेलं ते आपण बाईला वाचून दाखवतो.

‘देवाने जे जोडले आहे’ या येशूच्या वाक्याचंही तेच झालंय. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, त्याला विचारतात, कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे का? प्रश्न हवेतला नव्हता. शम्मायच्या परंपरेचे शास्त्री म्हणत, गंभीर अनाचार असेल तरच. हिल्लेलच्या परंपरेत स्वयंपाक बिघडला एवढंही पुरत असे. सूटपत्र लिहून द्यायचा हक्क नवऱ्याचा. त्याच शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस आत्मचरित्रात दोन ओळींत सांगून मोकळा होतो की बायकोचं वागणं पसंत नव्हतं म्हणून तिला सोडलं. तिला त्याच्यापासून तीन मुलं झालेली होती, त्यातली दोन गेली होती. अशा जगात येशू म्हणाला की नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने ती मोकळीक दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे, आरंभापासून तसं नव्हतं. यावर शिष्य काय म्हणाले ते बघा: असं असेल तर लग्न न केलेलंच बरं! ज्यांचा हक्क काढून घेतला जात होता ते लगेच दचकले. टाकून दिली जाणारी बाई या वाक्याने दचकली असेल असं मला वाटत नाही.

आता कुणीही विचारेल, असे अपवाद मान्य केले तर ‘आयुष्यभर’ या शब्दात उरतं काय. लग्नविधीतल्या आणाभाका आठवा. सुखात-दुःखात, संपन्नतेत-दारिद्र्यात, आजारपणात-आरोग्यात. ही सगळी संकटं बाहेरून दोघांवर येणारी आहेत. नोकरी जाईल, मूल होणार नाही, एकाला अंथरूण धरावं लागेल, किंवा नुसताच कंटाळा येईल. तेव्हा सोडून जायचं नाही. इथे मी तसूभर मागे हटणार नाही. एकमेकांवरचं मन उडालं म्हणून विवाह संपत नाही, आणि आजच्या काळात हे स्पष्ट बोलायला हवं. पण एकाने दुसऱ्याला मारणं हे त्या यादीत नाही. उलट प्रीती करीन, मान राखीन, सांभाळ करीन असं त्याच वेदीसमोर त्याने म्हटलेलं असतं. जी जीव वाचवून बाहेर पडते तिने वचन मोडलं असं म्हणणं म्हणजे गुन्ह्याचा कागद फिर्यादीच्या नावाने फाडणं.

हे आधुनिक मत नाही. सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या जिनिव्हामध्ये व्यभिचार आणि जोडीदाराला टाकून निघून जाणं या कारणांवरून घटस्फोट मिळत असे. पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च पहिला विवाहच आदर्श मानतं, तरी माणसाच्या दुबळेपणाकडे बघून दुसऱ्या आणि तिसऱ्याही विवाहाला वाव देतं. अशा विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात. आणि सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतलं ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे मनाला वा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याला न्याय्य कारण आहे; वाट बघण्यात धोका असेल तर स्वतःहून निघता येतं. हे कलम लग्नाआधीच्या प्रत्येक वर्गात मोठ्याने वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं.

विवाह रद्दबातल ठरवण्याबद्दल थोडक्यात. तो घटस्फोट नव्हे. लग्नाच्या दिवशी दिलेली संमती खरी होती का, हे मुख्यतः तिथे तपासलं जातं. जबरदस्ती होती का, फसवणूक होती का, जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमता होती का. मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची सक्ती काढली आणि शक्य तिथे हे काम विनाशुल्क व्हावं असं सांगितलं. तरीही वीस वर्षांच्या संसारानंतर ‘हा विवाह झालाच नव्हता’ हे ऐकणं किती जिव्हारी लागत असेल, ते मी समजू शकतो. मी प्रॉटेस्टंट आहे, आणि विवाह होता, तो पापाने मोडला, असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

राहिली माझी मुलगी. तिला मी आधी घरी आणीन. समेटाची भाषा त्या दिवशी कुणालाही काढू देणार नाही. पाळकांनी बोलायचं ते तिच्या नवऱ्याशी, आणि गरज असेल तर पोलिसांनीही. त्याला पश्चात्ताप झाला म्हणत असेल तर तो त्याने दूर राहून, उपचार घेऊन, काळ जाऊ देऊन दाखवावा. तिने क्षमा केली तरी परत नांदायला जाण्याची सक्ती तिच्यावर येत नाही. या दोन गोष्टी आपण फार सहज एकत्र करतो. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पत्नीने वेगळं होऊ नये असं लिहितो आणि पुढच्याच वाक्यात वेगळी झालेल्या पत्नीबद्दल बोलतो: तिने तसंच, लग्न न करता, राहावं किंवा समेट करावा. म्हणजे अशी बाई मंडळीत आहे, हे त्याने धरलेलंच आहे.

तिने पुढे दुसरं लग्न करायचं ठरवलं तर? जोडीदाराला टाकून दुसरं लग्न करणं व्यभिचार ठरवणाऱ्या मार्काच्या दहाव्या अध्यायावर बोट ठेवून काही बंधू नाही म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण मत्तयाने नोंदवलेला जारकर्माचा अपवाद आणि पौलाचं ‘अशा प्रसंगी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही’ हे वाक्य एकत्र वाचून मी तिच्या लग्नाला उभा राहीन.