होर्हे विल्दाला पुन्हा मुलींचा संघ द्यायचा?

आज सकाळी आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर कुणीतरी विषय काढला. आपल्या मुलींच्या राष्ट्रीय संघाला बाहेरचा कोच आणायचाच झाला, तर कोण आणावा? पहिल्याच उत्तरात होर्हे विल्दाचं नाव. खाली अंगठे, टाळ्या, "वर्ल्ड कप विनर आहे भावा, विषय संपला". एकानं वर समजूतही घातली, "वादाचं काय घेऊन बसलात, कोर्टानं सोडलंय त्याला." ग्रुपमध्ये मुलींचे बाप आहेत, स्वतः खेळलेल्या बायका आहेत. कुणीही विचारलं नाही की त्याच्या हाताखाली खेळलेल्या मुलींचं काय म्हणणं आहे. मी तिथे लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी इथे लिहितेय, कारण इथे माझी माणसं आहेत. तुम्हाला अगदी अ-आ-ई पासून समजवावं लागणार नाही.

ज्यांनी हे प्रकरण बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विल्दा २०१५ मध्ये स्पेनच्या महिला संघाचा कोच झाला. त्याच्या आधी इग्नासिओ केरेदा सत्तावीस वर्षं त्या खुर्चीत होते. २०१५ च्या वर्ल्ड कपनंतर अख्खा संघ उघडपणे विरोधात उभा राहिला तेव्हा कुठे ते गेले. म्हणजे स्पेनच्या पोरी एकदा लढून दमलेल्या होत्या. मग विल्दा आला. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, पंधरा जणींनी फेडरेशनला, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल संघटनेला, एकसारखे ईमेल पाठवले. संघात जे चाललंय त्याचा आमच्या मनावर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, हे बदलत नाही तोवर आम्हाला संघात घेऊ नका. पंधरा जणी! त्यात ऐताना बोनमाती होती, जिला पुढे लागोपाठ तीनदा बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. आणि फेडरेशननं काय कळवलं? कोच राहणार की जाणार हे खेळाडूंनी ठरवायचं नाही, आणि परत यायचं असेल तर चूक कबूल करून माफी मागा.

माफी मागा. हे मी तेव्हा वाचलं आणि मला आमचे सर आठवले.

मी कोल्हापूरची. तिथे पेठापेठांत फुटबॉल आहे, तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की गावाला दुसरं काही सुचत नाही. पण ते सगळं पोरांचं. आमच्या वेळी मुलींचा संघ म्हणजे शाळेनं स्पर्धेपुरत्या गोळा केलेल्या पोरी. बाहेरगावी गेलं की कुठल्यातरी शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावायची आणि सतरंज्या टाकून झोपायचं. संध्याकाळी बाजारात जाऊन आलो की सर वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. एकेकीनं पुढे यायचं, पिशवी उघडून दाखवायची. का, तर शिस्त. आमच्या लेफ्ट विंगरच्या, म्हणजे डाव्या कडेनं खेळणाऱ्या पोरीच्या, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा होता. तिनं पिशवी छातीशी धरली. सरांनी ओढून घेतली, दोरा सोडला, कागद उलगडला, पुडा वर धरला आणि विचारलं, "मग उद्या धावणार कोण?" मागच्या दोघीतिघी हसल्या. भीतीनं हसल्या, मला चेहरे आठवतात.

दुसऱ्या दिवशी ती खेळली. फायनल आम्ही जिंकलो, गोलचा क्रॉस, कडेनं गोलसमोर टाकलेला पास, तिचाच होता. शाळेत सरांचा सत्कार झाला, नारळ, शाल, सगळं. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. "अभ्यास" असं कारण सांगितलं तिनं.

आता स्पेनच्या खेळाडूंनी सांगितलेल्या गोष्टी ऐका. रात्री खोलीची दारं उघडी ठेवायची, झोपायच्या आधी कोच फेरी मारणार. बाहेरून आल्यावर पिशव्या दाखवायच्या. या सगळ्या व्यावसायिक खेळाडू, पंचविशी-तिशीच्या, क्लबकडून युरोपातल्या मोठमोठ्या स्पर्धा खेळलेल्या. आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या होतो, आम्हाला तोंड नव्हतं. त्यांना तोंड होतं, नाव होतं, पैसा होता, तरी त्यांना ईमेलमध्ये "तब्येतीवर परिणाम" असं जपून लिहावं लागलं.

एक गोष्ट मान्य करते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. त्या मुलींनी "विल्दाला काढा" असं लिहिलं नव्हतं, आणि त्याच्यावर कुणा खेळाडूच्या अंगाला हात लावल्याचा आरोपही नाही. ठीक. झालं मान्य करून.

मग २०२३ चा वर्ल्ड कप आला. पंधरापैकी तिघीच संघात होत्या. मापी लेऑनसारखी डिफेंडर, आपल्या जागी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, तिनं तो वर्ल्ड कप सोडला. तुम्ही कधी खेळला असाल तर तुम्हाला कळेल हे काय आहे. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलंय, आणि आपण म्हणायचं की या माणसाच्या हाताखाली मी येत नाही. अशा बाईला हट्टी म्हणणारे लोक मी पाहिलेत. माझा संताप होतो.

स्पेन साखळीत जपानकडून ०-४ हरला. त्यानंतर विल्दानं गोलकीपर बदलली, काता कोल नावाची पोरगी, राष्ट्रीय संघाकडून तिची पहिलीच मॅच थेट वर्ल्ड कपच्या बाद फेरीत. धाडस होतं, श्रेय त्याचं. पुढे स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन, आणि २० ऑगस्टला सिडनीत इंग्लंडविरुद्ध १-०. ओल्गा कार्मोनाचा तो गोल मी अजून बघते. पण त्या तेवीस जणींपैकी नऊ जणी बार्सिलोनाच्या होत्या. त्यांना पास द्यायला विल्दानं शिकवलं नव्हतं. त्यांचा खेळ वर्षानुवर्षं क्लबात घडला, आणि कप मिळाला की फोटोत मध्यभागी कोच. मॅच संपल्यावरची दृश्यं काढून बघा. खेळाडू एकीकडे नाचताहेत, कोच आणि त्याची माणसं दुसरीकडे. जगज्जेता संघ आणि त्याचा कोच असे वेगवेगळे आनंद करतात, यात कुणाला काहीच दिसत नसेल तर मी काय बोलू?

आमच्याही फायनलनंतरचा एक फोटो आहे. सर मध्ये, हातात कप. लेफ्ट विंगर अगदी कडेला, अर्धी फ्रेमच्या बाहेर.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बक्षीस समारंभात फेडरेशनचा अध्यक्ष रुबियालेस यानं जेनी हेर्मोसोचं जबरदस्तीनं चुंबन घेतलं. पाच दिवसांनी त्यानं सभा बोलावून "राजीनामा देणार नाही" असं पुन्हा पुन्हा ओरडून सांगितलं, आणि त्याच भाषणात समोर बसलेल्या विल्दाला चार वर्षांचा नवा करार देऊ केला, वर्षाला पाच लाख युरो. विल्दा टाळ्या वाजवत होता. माझ्यासाठी हे प्रकरण तिथेच संपलं. तुझी खेळाडू, जिनं पाच दिवसांपूर्वी तुला वर्ल्ड कप मिळवून दिला, तिच्या वतीनं तिची खेळाडू संघटना कारवाई मागतेय. आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतोस? दुसऱ्या दिवशी फिफानं रुबियालेसला निलंबित केलं, तेव्हा विल्दाचं निषेधाचं पत्रक आलं. तोवर त्याच्या बाकीच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले होते. त्यानं दिला नाही. ५ सप्टेंबरला त्याला काढलं तर म्हणाला, हा अन्याय आहे.

कोर्टाचं म्हणाल तर हो, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुटला. हेर्मोसोवर दबाव आणल्याचा आरोप होता, तो सिद्ध झाला नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो निर्दोष आहे, आणि मी त्याला गुन्हेगार म्हणत नाही, कुणी म्हणू नये. पण तुरुंगात जाण्याजोगं काही केलं नाही म्हणून मुलींच्या संघाची सूत्रं हातात द्यायची? आमच्या सरांवर तर कधी साधी तक्रारही झाली नाही. कुणाकडे करणार होतो? हेडमास्तर त्यांना शाल घालत होते.

ग्रुपवरच्या लोकांना एक समजत नाही, की मुख्य कोचच्या हातात यादी असते. बाकी डावपेच, सराव, व्हिडिओ बघून केलेलं विश्लेषण, हे सगळं दुसरा कुणीही माणूस करू शकतो आणि करतोही. यादी एकटा तो लिहितो. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कुणाला पुढच्या शिबिराला बोलावणार नाही. आणि शिबिरात त्रास होतोय हे सांगायचं कुणाला, तर ज्याच्या हातात यादी आहे त्यालाच. म्हणून पोरी हसतात आणि दुसऱ्या दिवशी क्रॉस टाकतात. असं पद त्याच माणसाला पुन्हा देताना सगळ्यात आधी विचारायला हवं ते त्याच्या जुन्या यादीतल्या मुलींना. तेच कुणी करत नाही.

मोरोक्कोनं तरी कुठे केलं असेल? स्पेननं काढल्यावर पाच-सहा आठवड्यांत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तो मोरोक्कोच्या महिला संघाचा कोच झाला. जुलै २०२५ मध्ये रबातला आफ्रिकेच्या स्पर्धेची फायनल, घरचं मैदान, नायजेरियाविरुद्ध २-० ने पुढे, आणि ३-२ ने हरले. इथे माझा राग जरा निवळतो, खरं सांगते. मोरोक्कोच्या पोरी मला फार आवडतात. २०२२ च्या मुलींच्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भुवनेश्वरला त्यांच्या मुलींनी आपल्या मुलींना ३-० हरवलं होतं, आणि काय मोकळ्या खेळत होत्या! रबातला फायनल हातातून गेली तेव्हा मला त्यांच्यासाठी पोटात तुटलं. विल्दानं तिथे वाईट काम केलं असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. कदाचित तो बदलला असेल. माणसं बदलतात.

त्याच सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपची फायनल बघायला मी लेकीला घेऊन नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले होते. ३० ऑक्टोबर २०२२, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. विकी लोपेझ त्या संघात होती, स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. लेक म्हणाली, "आई, ह्या मोठ्या होऊन स्पेनकडून खेळणार ना?" मी हो म्हणाले. पण त्या पंधरा ईमेलना तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि मला वाटत होतं की या पोरी धावत धावत कुणाच्या हातात जाणार आहेत.

आणि आपल्याकडचं विसरू नका. त्याच वर्षी, त्याच वर्ल्ड कपच्या तोंडावर, आपल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक कोचला युरोपच्या दौऱ्यावरून परत पाठवून काढून टाकावं लागलं. आरोप लैंगिक गैरवर्तनाचा. ते प्रकरण वेगळं आहे, विल्दाच्या पंक्तीला मी ते बसवत नाही. पण ज्या देशात हे होऊन गेलंय तिथले मुलींचे आईबाप "टॅलेंट बघा" म्हणतात, याचा मला त्रास होतो.

आमचे सर पुढे दुसऱ्या शाळेत गेले, मग तिसऱ्या. सगळीकडे कप आणले. एकाही शाळेनं आमच्यापैकी एकीलाही विचारलं नाही की बाई, कसे होते हे? विचारलं असतं तर लेफ्ट विंगर बोलली असती की नाही, मला सांगता येत नाही. मी बोलले असते.

माणसाला जन्मभर बाहेर ठेवा असं मी म्हणत नाही. विल्दाला फुटबॉल कळतो. त्याला कुठल्या क्लबात विश्लेषक म्हणून घ्या, कुणाचा तरी सहायक करा, जिथे यादी दुसऱ्याच्या हातात असेल. मुलींच्या संघाचं मुख्य कोचपद कुणाला द्यायचंच असेल तर आधी मागच्या संघातल्या खेळाडूंशी बोला, फेडरेशनचा माणूस खोलीत न बसवता. शिबिरात अशी एक बाई ठेवा जिच्याकडे केलेली तक्रार कोचच्या टेबलावरून जाणार नाही. आपल्याकडे कुणीही येवो, स्पॅनिश येवो की आपला, एवढं तरी करा.

विल्दानं त्या पंधरा जणींपैकी एकीसमोर तरी बसून "माझं काय चुकलं ते सांग" असं विचारल्याचं मी वाचलेलं नाही. तो विचारेल, आणि ती काय म्हणाली ते ती स्वतः सांगेल, तेव्हा मी पुन्हा विचार करेन. तोवर माझं उत्तर 'नाही'. तो पुढची फायनल जिंकला तरी नाही.