विचारल्याने शहर अडत नाही

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच सूर लागला. विषय वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा. 'झाडं, टेकडी, नदी करत बसलं की विकास होत नाही. लोकांना विचारत बसलो तर एक रस्ता व्हायचा नाही.' मी विरोध केला, तर शेजारच्या काकांनी लिहिलं, 'तू तिकडे रॉटरडॅमच्या स्वच्छ हवेत बसलायस. तुझं काय जातंय बोलायला!'

मला ते लागलं. एक तर नेदरलँड्समधलं रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर आहे, इथल्या हवेचं कौतुक इथलेही करत नाहीत. दुसरं म्हणजे इथे जे चांगलं आहे ते भांडून मिळालेलं आहे. १९७१ साली नेदरलँड्सच्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे मोटारींसाठी शहरं तोडणं मंदावलं. त्या काळात पुणं सायकलवर होतं! त्या आईबापांनाही कुणीतरी विकासविरोधी म्हटलंच असणार.

रॉटरडॅमच्या सेंट्राल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर बेंथेमप्लाइन नावाचा चौक आहे. एरवी तिथे पोरं बॉल खेळतात, पायऱ्यांवर डबे खातात. मोठा पाऊस आला की त्याच खोलगट मैदानात पाणी साठतं, सगळं मिळून सुमारे १७ लाख लिटर, आणि मग हळूहळू निघून जातं. २०१३ साली हे झालं. आराखडा करताना शेजारच्या कॉलेजातली मुलं, चर्चवाले, रहिवासी असे सगळे सोबत बसवले होते. त्यांना विचारत बसल्याने काम अडलं नाही.

आता आंबिल ओढा आठवा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याला पूर आला, पुण्यात वीसहून अधिक माणसं गेली. ओढा कुठे आवळला, कुठे भराव पडला, कुठली भिंत आडवी आली, हे काठावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. पावसानंतर आठवडाभर कुठे पाणी साचून राहतं आणि डेंग्यू कुठल्या गल्लीतून सुरू होतो, तेही त्यालाच माहीत. ही माहिती फुकट मिळते, आणि ती न घेता सल्लागार नेमले जातात.

उन्हाचंही तेच. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि ती धग रात्रभर सोडत राहतात. रात्री शरीर निवलं नाही की हृदयावर ताण येतो. म्हातारी माणसं आणि पत्र्याखाली राहणारे आधी बळी पडतात. युरोपने २००३च्या उन्हाळ्यात सत्तर हजारांच्या आसपास माणसं गमावली. मी गेल्या वसंतात दारासमोरच्या भिंतीलगतची फरशांची एक रांग उचलली, खालच्या वाळूत माती घालून झाडं लावली. फरशा खेमेन्तेची, म्हणजे इथल्या महापालिकेची, गाडी घेऊन गेली. पुण्यात आमच्या गल्लीतल्या वडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नेऊन सिमेंटने बसवलेत. पाणी मुळाशी जाणार कुठून?

'आपल्याकडे लोकांनाच पडलेली नसते' हे तर धादांत खोटं आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, देशात हे करणाऱ्या पहिल्या शहरांपैकी आपण. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ साली आला तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. लोकांनी रांगा लावून अर्ज दिले होते. क्षेत्रसभांचा, म्हणजे भागाभागातल्या मतदारांच्या सभांचा, कायदा राज्याने २००९ मध्येच केला. सभा भरवायचं तेवढं राहिलं. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाच्या सहीवर कारभार. मग माणसं टेकडीसाठी मोर्चा काढणार नाहीत तर काय करतील?

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. आमच्या भागातल्या बैठकांना निवृत्त, शिकलेले डच जास्त येतात, तुर्की आणि मोरोक्कन शेजारी कमी. पण पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर नागरिकत्व नसतानाही मला खेमेन्तेच्या निवडणुकीत मत आहे. मोडक्या डचमध्ये बोललो तरी मुद्दा इतिवृत्तात येतो. जिथे जन्मलो, जिथे आईबाबा राहतात, त्या शहराबद्दल बोललो की मात्र मी 'तिकडचा' होतो. कदाचित म्हणूनच ग्रुपवर माझा आवाज गरजेपेक्षा चढतो. हक्क उरलाय की नाही याची खात्री नसली की माणूस जोरात बोलतो.

काका, माझं मत सोडून द्या. बाबांना दमा आहे, ते रोज सकाळी टेकडीवर जातात, त्यांना विचारा. ओढ्याकाठच्या वस्तीत जाऊन विचारा. रस्त्याचा नकाशा, पडणाऱ्या झाडांची यादी आणि पाणी कुठून वाहणार ते, सगळं मराठीत, निविदा निघण्याआधी प्रभागाच्या कार्यालयाबाहेर लावायला लावा आणि रविवारी सभा घ्या. त्या सभेत बहुमताने रस्ता ठरला, तर मी ग्रुपवर एक अक्षर लिहिणार नाही.